पॅच क्रमांक तीन

३ मार्च, मंगळवार

रोज सकाळी चहासोबत माझी कटकट ऐकून वन्संचे कान किटले. आज म्हणाल्या, "अगं, हे सगळं वहीत लिहून काढ. आमचा चहा तरी गरम असताना पिऊन होईल." म्हणून ही वही.

वन्सं म्हणजे माझी मोठी नणंद. लग्नात थट्टेने 'वन्सं' म्हटलं, ते बावीस वर्षं चिकटून बसलंय. त्यांना जन्मापासून दिसत नाही, पण घरात कुठली वस्तू कुठे आहे हे आम्ही डोळस माणसं त्यांनाच विचारतो.

आता कटकट कसली ते. दिवसभर मी प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासते. सकाळी साडेपाच ते सात मात्र मी एका प्रोग्रॅमची राखणदार असते. हा प्रोग्रॅम साधा मजकूर घेतो, त्याचे ब्रेलचे ठिपके करतो आणि छापायच्या यंत्राकडे पाठवतो. कुणीही फुकट घ्यावा, उघडून पाहावा, हवा तसा बदलावा, असा मोकळा कारभार. अंधशाळेतली छपाईची खोली वन्संच्या ताब्यात आहे आणि तिथली सगळी पुस्तकं याच्यावरच निघतात. अडचण एवढीच, की प्रोग्रॅम लिहिलाय एका जातीच्या कॉम्प्युटरसाठी आणि शाळेतला कॉम्प्युटर दुसऱ्या जातीचा. सासरी नांदावा म्हणून त्याला जागोजागी थोडं बदलून घ्यावं लागतं. त्या बदलांना म्हणायचं पॅच. माझ्याकडे असे सात आहेत. नवरा त्यांना ठिगळं म्हणतो. मूळ लेखकाने नवी आवृत्ती काढली की सातही पुन्हा बसवून पाहायचे, कारण खालचं कापड बदललेलं असतं.

या खेपेला तारीख डोक्यावर आहे. शाळेतल्यासारख्या कॉम्प्युटरसाठी असे हजारो प्रोग्रॅम जमवून ठेवणारा एक संग्रह आहे. माझ्यासारखी हौशी माणसं तो चालवतात. २६ तारखेला संग्रहाची दारं बंद होणार. त्या दिवशी जो प्रोग्रॅम चालत नसेल, तो बाहेर. आणि शाळेतल्या कॉम्प्युटरवर आता नवाच संग्रह चढवायचा आहे. म्हणजे माझी ठिगळं बसली नाहीत तर वन्संची खोली बंद.  आज वन्संनी चहात साखर दोनदा घातली.

५ मार्च, गुरुवार

मूळ लेखकाला मी आजोबा म्हणते. कधी पाहिलेलं नाही, वय माहीत नाही, पण स्वभाव आजोबाचा आहे. बावीस वर्षं हा माणूस एकटा तो प्रोग्रॅम लिहितोय आणि कुणालाही एका ओळीहून मोठं उत्तर देत नाही.

माझा लाडका पॅच क्रमांक तीन. त्याची हकिगत अशी: मजकूर संपला की कॉम्प्युटर 'उणे एक' हा आकडा देतो, म्हणजे 'आता पुरे'. आजोबांनी तो आकडा ठेवायला जो खण घेतलाय, त्यात त्यांच्या कॉम्प्युटरवर उणे आकडा मावतो, शाळेतल्या कॉम्प्युटरवर मावत नाही. त्यामुळे पुस्तक संपलं हे प्रोग्रॅमला कळतच नाही. तो आपला कोरा कागद सोडत बसतो, काही पाहुण्यांना उठायची वेळ कळत नाही तसा. मी खण मोठा केला. बदल म्हणाल तर एका शब्दाचा, पण सापडायला अडीच महिने लागले.

गेल्या वर्षी मी हा पॅच आजोबांना तीनदा पाठवला. त्यांनी मूळ प्रोग्रॅममध्येच घेतला असता तर मला दर वेळी बसवावा लागला नसता. आमच्या धंद्यातलं हे मोठं सुख. पहिलं उत्तर: "कारण लिहा." दुसरं: "चित्र पाठवू नका, शब्दांत सांगा." एवढा छान फोटो काढला होता कोऱ्या कागदांचा! तिसरं: "बघतो." त्यानंतर चिडीचूप. मीही मग विचारलं नाही. गरज त्यांना नाही तर मलाही नाही.

९ मार्च, सोमवार

नवी आवृत्ती आली! पहाटे पाहिलं आणि चहा न घेताच बसले.

पहिला पॅच बसला. दुसरा बसला. तिसऱ्याला पॅच बसवणाऱ्या अवजाराने काहीतरी विचारलं, 'हा आधीच लागलेला दिसतो, उलटा लावू का?' असलं काहीबाही. या अवजारांना प्रश्न विचारायची खोडच असते. मी 'हो' दाबलं आणि पुढे गेले. चौथा, पाचवा, सहावा, सातवा, सगळे सुतासारखे सरळ. मागच्या आवृत्तीला मला अकरा दिवस लागले होते, या वेळी चाळीस मिनिटं! मी खुर्चीवरच एक गिरकी घेतली. नवरा दारातून म्हणाला, "ठिगळं झाली वाटतं शिवून?" मी म्हटलं, "अहो, कमाल झाली. सुईसुद्धा टोचली नाही."

प्रोग्रॅम बांधून झाला, पहिलं पान पडद्यावर पाहिलं. ठिपके मोत्यासारखे. सात वाजले होते, म्हणून मध्येच बंद करून प्रयोगशाळेत पळाले.

११ मार्च, बुधवार

संग्रहाची राखण करणाऱ्या माणसाला आम्ही सगळे चौकीदार म्हणतो. आज त्याने माझं काम आत घेतलं. "वेळेच्या पंधरा दिवस आधी? तब्येत बरी आहे ना?" असं लिहिलंय. संध्याकाळी मी नवऱ्याला आणि वन्संना आइसक्रीम खाऊ घातलं.

शनिवारी शाळेत नवा संग्रह, दारं बंद व्हायची वाट न बघता, चढवायचा आणि लगेच कादंबरीचा पाचवा खंड छापायचा. ही रहस्यकथा आहे. ब्रेलमध्ये तिचे पाच जाडजूड खंड होतात. चार छापून वाटून झालेत आणि नववीच्या मुली खुनी कोण म्हणून वेड्या व्हायच्या बाकी आहेत. मजकूर फक्त वन्संनी वाचलाय. त्यांचा नियम: पाचवा खंड हातात पडल्याशिवाय कुणालाही काही सांगायचं नाही. नवऱ्याने परवा भाजी निवडून देण्याची लाच देऊ केली. भाजी निवडून घेतली, नाव सांगितलं नाही.

१४ मार्च, शनिवार

लिहायला हात उचलत नाही.

संग्रह चढवला, छपाई सुरू झाली, टकटक टकटक उत्तम आवाज. पहिली दहा पानं वन्संनी बोटांनी तपासली आणि "फक्कड" म्हणाल्या. आम्ही दोघी चहाला गेलो. वीस मिनिटांनी चहा अर्धा ठेवून वन्सं थबकल्या. "टकटक थांबलीय."

"संपलं असेल की."

"मग कागद का सरकतोय?"

पळत गेलो. खोलीत कागद गुडघ्यापर्यंत. सलग घडीचा कागद असतो तो, एकेक ताव नाही. यंत्र आपलं कोरा, कोरा, कोरा सोडत होतं. अख्खं खोकं रिकामं. मी प्लग ओढला, तोवर मुख्याध्यापिका बाई दारात उभ्या. त्यांना आत पाऊल टाकायला जागा नव्हती. हा कागद मागवला की दोन महिन्यांनी येतो आणि आता एकच खोकं उरलंय. बाई वाईट नाहीत, पण म्हणाल्या, "ताई, आणखी एकदा असं झालं तर पुढची पुस्तकं बाहेरून करून घेऊ आणि ही खोली दुसऱ्या वर्गाला देऊ. माझाही नाइलाज आहे."

वन्संनी एकेक घडी गोळा केली.  पाचव्या खंडाची ती एक प्रत निघाली होती, पण शेवटची पानं ओढाताणीत फाटली.

१५ मार्च, रविवार

पॅच तीन तर मी बसवला होता! मग झालं कसं? एकच अर्थ. आजोबांनी नव्या आवृत्तीत असं काही करून ठेवलंय, की माझा पॅच निकामी झाला. तीन वर्षं मी जे जिवापाड जपलं, त्याची या गृहस्थांनी माती केली. सकाळी पत्र लिहिलं. नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "उद्या पाठव. रागाला एक रात्र झोपू दे." मी तेव्हाच पाठवलं. गुडघाभर कागदाचे चार फोटोही जोडले, बघू देत कर्तबगारी.

१७ मार्च, मंगळवार

आजोबांचं उत्तर. चक्क तीन वाक्यं.

"चित्रांचा मला उपयोग नाही. पॅच तीन मी घेतला आहे, बदलांच्या यादीत पाहा. मग तुमचीच फाइल पाहा."

माझीच फाइल! चोर तो चोर, वर शिरजोर. वन्संना वाचून दाखवलं तर त्या खुदकन हसल्या. इतक्या दिवसांनी हसल्या म्हणून मीही रागावले नाही. म्हणाल्या, "त्यांना एक विचार माझ्यातर्फे. कुठल्या बोटाने वाचता म्हणावं."

काय बोलतात कळत नाही कधीकधी. फोटोसुद्धा न बघणारा माणूस तो, बोटाचं काय घेऊन बसल्या?

१८ मार्च, बुधवार

वहीत लिहितेय म्हणून खोटं लिहिणार नाही.

पहाटे बदलांच्या यादीत गेले. ओळ नववी: "मजकुराचा शेवट आता सर्व कॉम्प्युटरांवर ओळखला जातो." खाली माझं नाव. नुसतं नाव नाही, वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव, स्पेलिंगची एकही चूक नाही. आजोबांनी माझा पॅच मूळ प्रोग्रॅममध्ये घेतला होता. माझा एक शब्द, जगात जिथे कुठे हा प्रोग्रॅम चालतो तिथे.

मग माझी फाइल पाहिली. तिथे जुना, लहान खणच होता. परत कुणी घातला? डोकं चालेना. मग एकदम आठवलं, 'हा आधीच लागलेला दिसतो, उलटा लावू का?'

हो, म्हटलं होतं मी. हो!

आजोबांनी बसवलेली दुरुस्ती मी स्वतःच्या हाताने उसवून काढली. अवजार बिचारं विचारत होतं, बाई, हे झालेलं आहे, पुसून टाकू का? आणि मी घाईत म्हटलं पुसून टाक. आणि वर त्या माणसाला पत्र लिहिलं. चार फोटोंसकट!

डोकं दोन्ही हातांत धरून बसले होते तेव्हा वन्सं पाणी प्यायला उठल्या. सगळं सांगितलं. ज्यांची खोली माझ्यामुळे जाणार होती, त्यांना. मला वाटलं आता ऐकावं लागणार. त्या खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "अगं, पण नाव छापलं ना त्यांनी तुझं? कसं लिहिलंय, मोठ्याने वाच." मी वाचलं. "परत वाच," म्हणाल्या. मग मी रडले आणि मग आम्ही दोघी इतक्या हसलो, की नवरा उठून आला.

चौकीदारालाही कळवलं. त्याचं उत्तर प्रयोगशाळेत पोचायच्या आत आलं: "त्या प्रश्नाला आम्ही सगळ्यांनीच एकदा 'हो' म्हटलेलं आहे. मी दोनदा. दारं २६ला बंद होतात, रडत बसू नका."

१९ मार्च, गुरुवार

आजोबांना माफीचं पत्र. सहा वेळा खोडलं. शेवटी सरळ लिहिलं, की चूक माझी, उद्धटपणाही माझाच. आणि नणंदेने एक प्रश्न विचारलाय, अर्थ मला ठाऊक नाही, पण विचारल्याशिवाय ती मला सोडायची नाही: आपण कुठल्या बोटाने वाचता?

२० मार्च, शुक्रवार

उत्तर:

"डाव्या तर्जनीने. उजव्या हाताने टाइप करतो, म्हणून पत्रं छोटी असतात. तुमच्या नणंदेला नमस्कार सांगा. बावीस वर्षांत हे विचारणारी ती पहिलीच. बाकीचे सहा पॅच कुठे आहेत? पाठवा. कारणं शब्दांत."

मी कपाळावर हात मारून घेतला. ब्रेलचा प्रोग्रॅम बावीस वर्षं लिहिणारा माणूस, त्याला मी फोटो पाठवत होते! चांगल्या उजेडात काढलेले फोटो! वन्सं म्हणाल्या, "डोळे असून आंधळी म्हणतात ती तूच बघ. मला तर 'चित्र पाठवू नका' म्हणाले तेव्हाच कळलं होतं."

"मग सांगायचं नाही का?"

"मजा गेली असती."

२३ मार्च, सोमवार

तीन दिवस मी सहा पॅचची कारणं लिहितेय. आधी माझी कारणं म्हणजे 'इथे बिघडतं, बघा फोटो' एवढीच असायची. आता वन्सं समोर बसतात आणि मला चित्राशिवाय सांगावं लागतं. काल एका ठिकाणी मी म्हटलं, "इथे बघा ना, हे असं होतं." त्या म्हणाल्या, "असं म्हणजे कसं? बोट धरून ने." तेव्हा कळलं, की तो पॅच का चालतो हे मलाच नीट माहीत नव्हतं. पाचवा तर नीट सांगता सांगता लक्षात आलं, की नकोच आहे. तो पाठवलाच नाही.

आजोबांनी चार घेतले. एकाला "अपुरं" म्हणाले. ते पुन्हा लिहिलं. मग घेतला. मला कित्येक वर्षांत इतकी मजा आली नव्हती. प्रयोगशाळेत नळाचं पाणी तपासताना मी गुणगुणत होते, असं सहकारी म्हणाली.

२५ मार्च, बुधवार

आजोबांनी काल छोटी आवृत्ती काढली, खास २६च्या आत बसावी म्हणून. हे त्यांनी लिहिलं नाही, तारखेवरून मी ओळखलं.

आज पहाटे बसले. काहीच बसवायचं नव्हतं. पॅच ठेवायचा फोल्डर उघडला. सातच्या सात फाइली खोडल्या आणि फोल्डर रिकामा झाला. आमच्या धंद्यात याच्यासाठी देव पाण्यात ठेवतात लोक. तरी दोन मिनिटं मी बघत राहिले. लेकी सासरी गेल्यावर घर दिसतं तसं काहीसं वाटलं. तीन वर्षं रोज साडेपाचला यांच्यासाठी उठत होते.

या वेळी प्रोग्रॅम शेवटपर्यंत चालवून पाहिला. पाच वेळा. लहान मजकूर, मोठा मजकूर, अगदी रिकामासुद्धा. दर वेळी थांबला. मग चौकीदाराकडे पाठवला. दुपारी उत्तर आलं: "घेतला. एकही पॅच नाही? अभिनंदन, बेकार झालात."

२८ मार्च, शनिवार

आज शेवटचं खोकं.

काल रात्री मुख्याध्यापिका बाईंना फोन करून मी सगळं खरं सांगितलं होतं, चूक यंत्राची नव्हती, माझी होती हेसुद्धा. त्या म्हणाल्या, मी स्वतः येऊन उभी राहते. आल्या, आणि भिंतीपाशी प्लगवर हात ठेवूनच उभ्या राहिल्या. नवराही आला, काही कारण नसताना. बाहेर व्हरांड्यात नववीच्या मुली जमिनीवर बसून होत्या, सहाच्या सहा. आत यायचं नाही असं वन्संनी बजावलं होतं, पण त्यांनी दाराला कान लावायचे नाहीत असं कुठे म्हटलं होतं?

टकटक सुरू झाली. अर्धा तास गेला. वन्सं यंत्राच्या झाकणावर तळहात टेकवून उभ्या होत्या. मला आवाजातलं काही कळत नाही, मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. मध्येच त्या हळूच म्हणाल्या, "शेवटचं पान."  बाईंची बोटं प्लगवर आवळली.

टकटक, टकटक. टक.

आणि काही नाही. कागद सरकला नाही. पंख्याचा आवाज येत होता तेवढाच.

 बाईंनी माझ्याकडे पाहिलं, यंत्राकडे पाहिलं आणि घाबरून म्हणाल्या, "बंद पडलं का हो?"

"नाही बाई," वन्सं म्हणाल्या, "पुस्तक संपलं. कळलं त्याला."

मग व्हरांड्यातून जो आरडाओरडा झाला, तो शेजारच्या इमारतीत गेला असेल. दार उघडलं, मुली आत घुसल्या, वन्संनी पानं फाडून जुळवून सगळ्यांत पुढच्या मुलीच्या हातात दिली. बाकीच्या पाच तिच्या अंगावर ओणव्या झाल्या आणि तिचं बोट ओळीवरून धावायला लागलं. नवरा ओरडत होता, "अगं मोठ्याने वाच, मोठ्याने वाच!" बाईंनी प्लगवरचा हात काढला आणि त्याच हाताने डोळे पुसले. मला काही सुचत नव्हतं, म्हणून मी खोक्यात किती कागद उरला ते मोजायला बसले. निम्म्याच्या वर होता.

वन्सं वाट काढत माझ्यापाशी आल्या, माझा खांदा चाचपून शोधला आणि कानात खुनी कोण ते सांगितलं. मुलींच्या आधी, मला.